डासांच्या अळ्यांवर इसेन्शियल ऑइल: किती, कुठे, कसं, आणि कुठे अजिबात नको

दरवर्षी जून उजाडला की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मेसेज फिरायला लागतो, हौदात निलगिरी तेलाचे चार थेंब टाका, डास गायब. आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांनी हे केलंय, मीही केलंय. मग एकदा कागद-पेन घेऊन बसले. ड्रॉपरचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली, म्हणजे ४ थेंब झाले ०.२ मिली. आमचा हौद ५०० लिटरचा. म्हणजे दहा लाख भाग पाण्यात तेलाचा अर्धा भागसुद्धा नाही, ०.४ पीपीएम. आणि प्रयोगशाळेत जी तेलं चांगली ठरली आहेत त्यांनासुद्धा नुसत्या अर्ध्या अळ्या मारायला साधारण ३० ते १०० पीपीएम लागतात. शंभर-दोनशे पट कमी! त्या चार थेंबांनी फक्त वास येतो आणि आपल्याला वाटतं काम झालं, आणि हे वाटणंच मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण मग हौद रिकामा करायचं राहून जातं.

मी कुडाळच्या बाजूला राहते, शाळेत विज्ञान शिकवते. सासूबाईंना डेंग्यू झाला त्या पावसाळ्यात आम्ही घरातली सगळी पिंपं, माठ, कुंड्या तपासल्या, काही नाही. आणि मग मांगराच्या मागे गुरांची जुनी दगडी डोण सापडली, गुरं विकून वर्षं झाली होती, डोण तशीच होती, पावसाच्या पाण्याने भरलेली आणि अळ्यांनी नुसती वळवळत होती. एडिस डास फार लांब उडत नाही, बहुतेक वेळा शंभर-दोनशे मीटरच्या आतच त्याचा जन्म आणि त्याचं चावणं दोन्ही होतं, म्हणजे सासूबाईंना चावलेला डास बहुधा आमच्याच डोणीतला. तेव्हापासून या विषयाच्या मागे लागलेय. तेल काम करतं, नक्की करतं, पण मोजून टाकलं तर, पाण्यात नीट मिसळलं तर, आणि योग्य जागी टाकलं तर.

आधी अळी ओळखा

पांढरी वाटी किंवा जुनं इनॅमलचं भांडं घ्या. पाण्यावर आपली सावली पडू देऊ नका, सावली पडली की अळ्या झटकन तळाला जातात आणि तुम्हाला वाटतं पाणी स्वच्छ आहे. भांडं तिरकं धरून एका हिसक्यात पाणी आत घ्या आणि मिनिटभर थांबा, अळ्या श्वासाला वर येतातच.

वर आलेली अळी डोकं खाली करून तिरकी लटकली असेल तर ती एडिस किंवा क्युलेक्स, शेपटीकडे तिची श्वासाची नळी असते आणि ती पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून ती हवा घेते. एडिस डेंग्यू-चिकुनगुन्यावाली, तिला घरातलं आणि अंगणातलं साठलेलं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी आवडतं. क्युलेक्स गटाराच्या, शोषखड्ड्याच्या घाण पाण्यात. आणि जी अळी पाण्याला समांतर, काडी तरंगावी तशी आडवी दिसते ती अ‍ॅनोफिलिस, मलेरियावाली, तिला नळी नसते. त्याशिवाय स्वल्पविरामासारखे वाकलेले, डोकं मोठं असलेले जीव दिसतील, ते कोष. कोष काही खात नाही, त्याचं कवचही टणक, म्हणून त्याच्यावर तेलाचा परिणाम कमी होतो. आणि कोषातून दोनेक दिवसांत डास बाहेर पडतो. तेव्हा कोष दिसले तर तेल-बिल विसरा, पाणी ओतता येत असेल तर त्याच क्षणी ओता, येत नसेल तर चहाच्या गाळणीने कोष काढून कोरड्या मातीवर टाका.

आपल्याकडच्या गरम हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आशाताई आणि आरोग्यसेवक सांगत फिरतात ते याच हिशोबाने. एडिसची मादी अंडी पाण्यात नाही तर पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवते, आणि ती अंडी कोरडी राहूनसुद्धा कित्येक महिने जिवंत राहतात, पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतून चालत नाही, काथ्याने किंवा ब्रशने घासायला लागतं. तेलाने ही चिकटलेली अंडी मरतील यावर अजिबात विसंबू नका.

तेल कुठे टाकायचं, कुठे नाही

माझा नियम सरळ आहे. पाणी ओतता येत असेल तर ओता. झाकता येत असेल तर झाका. मासे सोडता येत असतील तर गप्पी सोडा. या तिन्हीपैकी काहीच जमत नाही आणि ते पाणी माणूस, गुरं, कुत्रं-मांजर कोणी पीत नाही, अशा ठिकाणीच तेल.

मग अशा जागा उरतात तरी किती? आमच्याकडे उरल्या त्या सांगते. ती डोण, कारण चिऱ्यांत बसवलेली आहे, हलत नाही आणि तळाला भोक नाही (नंतर ड्रिल मारून भोक पाडलं, आता प्रश्नच मिटला, तुमच्याकडे अशी टाकी असेल तर आधी हेच करा). बंद खोलीतल्या बाथरूमची न्हाणी ट्रॅप, ज्यात पाणी ठेवावंच लागतं नाहीतर वास येतो. अंगणातला पाण्याच्या मीटरचा चेंबर. मुंबईला गेलेल्या चुलत दिरांच्या बंद घरामागची पावसाच्या पाण्याची पक्की टाकी, ज्यातलं पाणी फक्त झाडांना जातं. ठाण्याला माझी नणंद राहते तिच्या सोसायटीत लिफ्टचा खड्डा, पंप लावूनही तळाला दोन-चार इंच पाणी राहतंच. बांधकामाच्या जागी, पाणी मारायला केलेल्या टाकीत. बस, एवढंच.

कुठे नाही, ते जास्त महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर.

पिण्याच्या, स्वयंपाकाच्या पाण्यात थेंबसुद्धा नाही. विहिरीत नाही, ती तुमची खासगी असली तरी नाही, खाली झरे एक असतात. कमळाच्या कुंडात, माशांच्या टाकीत नाही. लवंग तेलातलं युजेनॉल मत्स्यशेतीत मासे बेशुद्ध करायला वापरतात आणि तो डोस लिटरला साधारण २५ ते १०० मिलीग्रॅमच्या आसपासच असतो, म्हणजे अळ्या मारायला जेवढं तेल लागतं तेवढ्यात गप्पी आडवे पडणार. गप्पी आणि तेल दोन्ही एकाच टाकीत असा सल्ला कोणी देत असेल तर ऐकू नका.

एअर कूलरमध्ये नाही. नागपूर-अमरावतीकडे घरोघरी कूलर, आणि तिकडच्या नातेवाईकांनी मला हे नेमकं विचारलं होतं. कूलरचं काम पाण्याची वाफ करून खोलीत फेकायचं, तुम्ही टाकलेलं सगळं तेल वाफेबरोबर तुमच्या नाकात, दम्यावाल्याला, लहान बाळाला तर फारच त्रास. कूलर आठवड्याला पूर्ण रिकामा करा, गवताच्या जाळ्या उन्हात वाळवा. फ्रिजमागचा ट्रे तसाच, काढून धुवा. मनी प्लँटच्या बाटलीतलं पाणी बदला, तेलाने मुळं खराब होतात.

उघड्या गटारात आणि शोषखड्ड्यातही तेल वाया जातं. तिथे इतका सेंद्रिय गाळ असतो की तेल त्यालाच चिकटून बसतं, अळीपर्यंत पोचत नाही. शौचालयाच्या टाकीच्या व्हेंट पाइपला वरून जाळी बांधा, दहा रुपयांचं काम आहे आणि क्युलेक्स तिथूनच बाहेर पडतात.

नारळाच्या करवंट्या, पडलेल्या पोफळीच्या विऱ्या, जुने टायर, पन्हळीत अडकलेला पाला, यांच्यावर तेल शिंपडत बसणं म्हणजे वेळ घालवणं. गोळा करा, पालथं घाला, टायरना भोकं पाडा. झाडाच्या ढोलीत वाळू-माती भरा.

आणि आरोग्य खात्याचा माणूस एखाद्या टाकीत टेमीफॉस (अळ्या मारायचं रासायनिक औषध) किंवा बीटीआय टाकून गेला असेल तर ते राहू द्या, त्यावर आपलं तेल ओतू नका. बीटीआय हा एक जिवाणू आहे, इस्रायलमध्ये १९७६ मध्ये सापडलेला, अळीच्या पोटात जाऊनच काम करतो आणि माशांना, माणसांना त्रास देत नाही. तुमच्याकडे मोठी टाकी असेल आणि तुम्हाला बीटीआयची पावडर मिळत असेल तर मी तेलाऐवजी तीच घ्या म्हणेन, मनापासून.

कुठलं तेल घ्यायचं

सगळी तेलं सारखी नसतात. लवंगेत युजेनॉल असतं, दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड, ओव्यात थायमॉल, गवती चहात सिट्रल. हे चारही अळीच्या मज्जासंस्थेवर काम करतात, अळी आधी वेड्यासारखी वळवळते मग सुस्त होऊन तळाला जाते. एडिसच्या अळ्यांवर युजेनॉल आणि सिनॅमाल्डिहाइड यांचे आकडे सुमारे ३० पीपीएमच्या आसपास आलेले आहेत, गवती चहाच्या तेलाचे ७० च्या आसपास. हे आकडे म्हणजे २४ तासांत निम्म्या अळ्या मरायला लागणारं प्रमाण. आपल्याला निम्म्या नाही, सगळ्या मारायच्या आहेत, आणि आपल्या डोणीत पाला, शेवाळ, ऊन, पाऊस सगळं आहे, त्यामुळे मी सुरुवातच २०० पीपीएमपासून करते.

निलगिरीचं नाव सगळ्यात मोठं पण बाजारात मिळणाऱ्या निलगिरीत मुख्य असतं ते सिनिओल, आणि ते अळ्यांवर लवंग-दालचिनीच्या मानाने बरंच कमजोर आहे. सिट्रोनेला मोठ्या डासाला लांब ठेवायला ठीक, अळ्यांना मात्र बऱ्यापैकी जास्त लागतं. संत्र्याच्या सालीच्या तेलाचे निकाल इतके वेगवेगळे येतात की मी त्याच्या वाटेला जात नाही. कापूर पाण्यात फारसा विरघळतच नाही, वडी तरंगत राहते आणि उडून जाते. तुळस उकळून काढा ओतणं हेही काही उपयोगाचं नाही, उकळताना तेल वाफेबरोबर निघून जातं आणि हिरवं पाणी उरतं, उलट त्या पाण्यावर अळ्या पोसल्या जातात.

कडुनिंबाचं तेल वेगळं प्रकरण आहे. ते बियांचं घाण्याचं तेल, उडून जाणारं नाही, त्यातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन अळीची कात टाकायची प्रक्रिया बिघडवतं त्यामुळे परिणाम हळू दिसतो, एका दिवसात मोजायला गेलात तर वाटेल काहीच झालं नाही. आज मी बाष्पनशील, म्हणजे उडून जाणाऱ्या इसेन्शियल तेलांबद्दलच लिहितेय.

माझी निवड: लवंग तेल, आणि स्वस्तात हवं असेल तर गवती चहाचं तेल. दालचिनी सालीचं तेल चांगलं पण महाग आणि कातडीला फार जहाल. आपल्या कोकणात दालचिनीची लागवड आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण तेज ही जात बऱ्याच बागांत दिसते, तिच्या पानांचं तेल मिळालं तर घ्या, पानांच्या तेलात सालीसारखं सिनॅमाल्डिहाइड नाही तर लवंगेसारखं युजेनॉल जास्त असतं.

विकत घेताना अत्तराच्या दुकानातलं 'लेमनग्रास फ्रॅग्रन्स' घेऊ नका, तो नुसता वास असतो. बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि बॅच नंबर बघा. घरी आणल्यावर कोऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि दिवसभर ठेवा, शुद्ध बाष्पनशील तेल जवळजवळ उडून जातं, तेलकट पारदर्शक डाग तसाच राहिला तर त्यात खायचं तेल किंवा तसलंच काहीतरी मिसळलंय. लवंग तेलाची अजून एक गंमत, ते पाण्यापेक्षा जड असतं, ग्लासभर पाण्यात थेंब टाकला तर तळाला जातो. गवती चहाचं वर तरंगतं.

घरी तेल काढावं का

अंगणात गवती चहाचं बेट असलं की सगळ्यांना हे वाटतंच, मलाही वाटलं. हिशोब असा की ताज्या पातीत तेलाचं प्रमाण वजनाच्या ०.३ ते ०.५ टक्के, म्हणजे १ किलो पात उकळून हाती येतं ३ ते ५ मिली, तेही चांगल्या यंत्रावर, घरी त्याहून कमी. वाळलेल्या लवंगेत १५ टक्क्यांच्या पुढे तेल असतं पण लवंगेचा भाव सगळ्यांना माहीत आहे.

तरीही एकदा करून बघायचंच असेल, मुलांना दाखवायला म्हणून, तर पात एक दिवस सावलीत सुकवा, बोटभर तुकडे करा, कुकरमध्ये खाली पाणी, वर जाळी, जाळीवर पात. शिट्टी काढून त्या जागी तांब्याची नळी बसवा, नळीचं वेटोळं थंड पाण्याच्या बादलीतून न्या, शेवट अरुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत. मंद आच, दीड-दोन तास. एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे, नळीच्या तोंडाशी आतून स्टीलची जाळी लावा, पातीचा तुकडा अडकून वाट बंद झाली तर कुकर फुटू शकतो. नळी कुठे दुमडलेली नको आणि गॅसजवळून हलायचं नाही, येणारी वाफही पेट घेऊ शकते. बाटलीत वर पिवळसर थर जमतो ते तेल, ड्रॉपरने काढा. खालचं सुवासिक पाणी फरशी पुसायला छान पण अळ्यांना ते काही करत नाही, त्यात तेल नगण्य असतं. माझं मत, हा उद्योग एकदा शिकायला ठीक, डोणीसाठी बाटली विकत आणा.

तेल पाण्यात मिसळणं, म्हणजे खरं काम

सरळ तेल ओतलं तर काय होतं? गवती चहाचं वर तवंग धरतं, वाऱ्याने एका कोपऱ्यात जातं आणि दुपारपर्यंत उडून जातं. लवंगेचं तळाला जाऊन बसतं. मधल्या पाण्यात अळ्या मजेत. म्हणून तेलाचं दुधासारखं द्रावण करायला लागतं, आणि त्यासाठी तेल आणि पाणी जोडणारा काहीतरी घटक लागतो. सगळ्यात चांगला पॉलिसॉर्बेट ८०, साबण-क्रीम घरी बनवणाऱ्यांच्या सामानात ऑनलाइन मिळतो, ट्वीन ८० नावानेही मिळतो. तो नसेल तर भांडी घासायचं लिक्विड.

काचेची १०० मिलीची बाटली घ्या. प्लास्टिकच्या पातळ ग्लासात किंवा थर्माकोलच्या कपात करू नका, ही तेलं थर्माकोल विरघळवतात. हातमोजे घाला, चष्मा असेल तर लावा, खिडकी उघडी ठेवा, गॅस बंद.

बाटलीत आधी ५ मिली तेल, त्यावर ५ मिली पॉलिसॉर्बेट. पाणी अजून नाही! हे दोन आधी एकजीव होऊ द्या, झाकण लावून दोन मिनिटं हलवा. मग कोमट पाणी थोडं थोडं, चमचा-चमचा घालत आणि प्रत्येक वेळी हलवत १०० मिलीपर्यंत आणा. एकदम पाणी ओतलंत तर फाटतं, ताकासारखं. नीट जमलं की पांढरं दुधाळ दिसतं आणि अर्धा तास ठेवलं तरी वर तेलाचे डोळे येत नाहीत. लिक्विड सोप वापरत असाल तर ५ मिलीऐवजी ३ मिली पुरे, पण ते द्रावण लवकर फाटतं, वापरायच्या आधी दरवेळी हलवा.

आता हे झालं ५ टक्क्यांचं मूळ द्रावण. याच्या १ मिलीत ०.०५ मिली तेल. लिटरभर पाण्यात ०.१ मिली तेल म्हणजे ढोबळमानाने १०० पीपीएम (तेलाचं वजन पाण्याच्या आसपासच असतं, घरच्या कामाला हा हिशोब पुरतो). म्हणजे दर लिटर पाण्याला द्रावण ४ मिली टाकलं की २०० पीपीएम. १० लिटरच्या बादलीइतकं पाणी असेल तर ४० मिली. १०० लिटरच्या डोणीला ४०० मिली, म्हणजे नुसतं तेलच २० मिली गेलं, एक १५ मिलीची बाटली संपली आणि दुसरी फोडली. ५०० लिटरच्या हौदाला १०० मिली तेल, आणि ते तीन-चार दिवसांनी परत. आता कळलं असेल मी छोट्या जागांवरच का अडून बसलेय.

ग्लासातली चाचणी, ही वगळू नका

बाजारातलं तेल कसं आहे हे बाटली सांगत नाही, अळ्या सांगतात. आणि ही चाचणी अगदी सोपी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत अशी की १०० मिली पाण्यात तिसऱ्या किंवा चौथ्या अवस्थेच्या सुरुवातीच्या (म्हणजे बऱ्यापैकी वाढलेल्या) २५ अळ्या, प्रत्येक प्रमाणाचे किमान चार ग्लास, २४ तासांनी मोजायचं. घरी आपण जरा सैल धरू.

जिथे तेल टाकायचंय त्याच जागेच्या अळ्या आणि तिथलंच पाणी घ्या, गाळलेलं. क्लोरीनचा वास येणारं नळाचं ताजं पाणी नको. अळ्या मोठ्या, साधारण अर्धा सेंटिमीटरच्या, कोष एकही नको. काचेचे दहा ग्लास घ्या, दोन-दोनच्या पाच जोड्या, प्रत्येकात २०० मिली पाणी आणि २० अळ्या. ड्रॉपरचं टोक कापून रुंद करा म्हणजे अळ्यांना इजा होत नाही. सुई नसलेल्या सिरिंजने द्रावण मोजा: एका जोडीच्या प्रत्येक ग्लासात ०.२ मिली म्हणजे ५० पीपीएम, दुसऱ्या जोडीत ०.४ म्हणजे १००, तिसऱ्या जोडीत ०.८ म्हणजे २००. चौथी जोडी नुसतं पाणी. आणि पाचवी जोडी, जी सगळे विसरतात, ती तेलाशिवायच्या द्रावणाची: ५ मिली पॉलिसॉर्बेट किंवा तुमचं ते ३ मिली लिक्विड सोप, पाणी घालून १०० मिली, आणि त्यातलं ०.८ मिली.

का? कारण साबण स्वतःच अळ्या मारू शकतो. अळी पाण्याच्या ताणावर नळी टेकवून लटकते, साबणाने तो ताण कमी होतो, तिला वर टिकता येत नाही आणि ती बुडते. मी पहिल्यांदा लिक्विड सोप वापरून केलं तेव्हा साबणाच्या ग्लासातल्याही बऱ्याच अळ्या मेलेल्या होत्या आणि मी मात्र तेलाचं कौतुक करत होते. शाळेत मुलांना कंट्रोल म्हणजे काय हे शिकवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला अजून मिळालं नाही.

ग्लासांवर जुनं मलमलचं कापड रबराने बांधा, सावलीत ठेवा, मांजर पोचणार नाही अशा जागी. २४ तासांनी प्रत्येक अळीला सुईच्या टोकाने हलकंच टोचा. हलली नाही तर मेली. हलली पण वर यायला जमत नाही तर तीही मेल्यात जमा. नुसत्या पाण्याच्या ग्लासातच पाचव्या हिश्श्याहून जास्त मेल्या असतील तर चाचणी रद्द, पाणी किंवा हाताळणी बिघडली, परत करा. ५ ते २० टक्क्यांच्या मधे मेल्या असतील तर आकडा दुरुस्त करायची एक जुनी रीत आहे, अ‍ॅबट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाची, १९२५ ची. तेलाच्या ग्लासातल्या मृत्यूच्या टक्क्यातून तुलनेच्या ग्लासाचा टक्का वजा करा, १०० मधून तुलनेच्या ग्लासाचा टक्का वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि १०० ने गुणा. समजा तेलात ९० टक्के मेल्या आणि साबणात १० टक्के, तर ८० भागिले ९०, म्हणजे सुमारे ८९ टक्के. तुलनेला इथे साबणाचा ग्लास धरायचा, म्हणजे तेलाचं स्वतःचं काम किती ते दिसतं.

२०० पीपीएमच्या दोन्ही ग्लासांत सगळ्या मेल्या नाहीत तर प्रमाण वाढवायच्या आधी तेल बदला. बहुतेक वेळा तेलातच खोट असते.

प्रत्यक्ष टाकताना

पाणी मोजा. चौकोनी टाकी असेल तर लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची खोली, सेंटिमीटरमध्ये, भागिले १००० म्हणजे लिटर. अंदाजाने लोक निम्मंच पाणी धरतात असा माझा अनुभव आहे. शक्य तेवढं पाणी आधी उपसा, पाला-शेवाळ काढा, भिंती घासा. पाणी निम्मं झालं की तेलही निम्मं लागतं.

संध्याकाळी टाका, ऊन कलल्यावर, दुपारी टाकलं तर तासाभरात बरंच उडतं. पावसाची सर येऊन पाणी वाहून जाणार असेल तर थांबा. द्रावण बाटलीत हलवा, बादलीभर त्याच पाण्यात आधी कालवा आणि मग टाकीभर फिरवून ओता, काठीने ढवळा, कोपरे सोडू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी वाटी बुडवून बघा. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत. तेलाचा जोर दोन-तीन दिवसांत ओसरतो, हा त्याचा मोठा दोष, आणि म्हणूनच ते वातावरणात साठूनही राहत नाही. मी पावसाळ्यात दर चौथ्या दिवशी परत डोस देते. अंड्यापासून डास व्हायला आठवड्याहून जास्त लागतो, त्यामुळे मधे फुटलेल्या अळ्या कोष व्हायच्या आत सापडतात. आठवड्यातून एकदाच टाकलंत तर हा हिशोब हुकतो.

न्हाणी ट्रॅपमध्ये जेमतेम लिटर-दीड लिटर पाणी असतं, ५-६ मिली द्रावण बस. घर महिनाभर बंद ठेवून जाणार असाल तर तेलाच्या भरवशावर जाऊ नका, ट्रॅपवर प्लास्टिक टाकून चारी बाजूंनी टेप लावा, कमोडचं झाकण बंद करून तसंच. लिफ्टच्या खड्ड्यात कोणी स्वतः उतरू नये, लिफ्टच्या मेंटेनन्सवाल्याला बोलवा, वीज बंद करून त्याच्याकडूनच वरून ओतून घ्या.

जपून

वनस्पतीचं आहे म्हणजे निर्धोक, हे डोक्यातून काढून टाका. निर्भेळ लवंग किंवा दालचिनी तेल कातडीवर पडलं तर आग होते, फोड येतात, डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याखाली डोळा धुवा आणि डॉक्टर गाठा. लहान मुलाने निलगिरी किंवा कापराचं तेल अगदी थोडं प्यायलं तरी झटके येऊ शकतात. उलटी करवू नका, बाटली हातात घेऊन थेट दवाखाना. बाटल्या देवघराच्या किंवा चहाच्या मांडणीवर नाही, कुलपात ठेवा, आणि द्रावण कधीही बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत भरू नका, दुधाळ पांढरं दिसतं, कोणीही ताक समजून तोंडाला लावेल. मांजरांच्या यकृताला ही तेलं नीट पचवता येत नाहीत, मांजर असेल तर त्या टाकीवर जाळी हवीच.

शेजारच्या टाकीत विचारल्याशिवाय टाकू नका, सार्वजनिक पाण्यात तर मुळीच नाही. बाटल्या भरून गावात विकायलाही जाऊ नका, अळीनाशक म्हणून विकायचं तर कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नोंदणी लागते. आणि घरात कोणाला ताप आला तर तेलाचं काम बाजूला ठेवून आधी रक्त तपासा, तोवर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने देऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

चाचणीतल्या उरलेल्या जिवंत अळ्या गटारात ओतू नका, अंगणात कडक कोरड्या मातीवर ओता, थोड्याच वेळात मरतात. मूळ द्रावण तपकिरी बाटलीत, अंधारात, दोन आठवडे ठीक राहतं. बाटलीवर तेलाचं नाव, टक्केवारी, केल्याची तारीख आणि मोठ्या अक्षरात 'विष' लिहून चिकटवा. दोन आठवड्यांनंतर वास उतरला असेल तर ते डोस वाढवून वापरू नका, नवीन करा, जुनं फरशी पुसायच्या पाण्यात संपवा.